बोट बेबीचं, मत कुणाचं?

बेबीला मतदानाला कोण नेणार, हा प्रश्न त्या घरात दर निवडणुकीला निघायचा आणि दर वेळी तिला घेऊन दादाच निघायचा.

बेबी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी घरात बेबीच. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या कानाला हेडफोन लावून ऐकायच्या आणि टाइप करायच्या, हे तिचं काम. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. "माझ्या टायपिंगवर न्यायाधीश डोळे मिटून सही करतात," असं ती सांगे आणि आपणच आधी हसे.

यंदा मात्र दादाची पाठ धरली होती. गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन तो पलंगावर आडवा होता.

"अगं, बेबीला आज तू घेऊन जा," तो बायकोला म्हणाला. "आणि जरा दार लोट."

बेबीच्या वहिनीने दार लोटलं.

"तिला ती निवडणुकीला उभी राहिलेली रिटायर्ड मास्तरीणबाई आवडलीये. फूटपाथ मोकळे करणार म्हणते. मोकळे म्हणजे काय, तर आपल्या दुकानाबाहेरच्या बादल्या उचलणार. बाहेर माल दिसला नाही तर गिऱ्हाईक आत येतं का? आमच्या दुकानदार असोसिएशनचे अध्यक्षही उभे आहेत, त्यांना मी शब्द दिलाय. घरातली सगळी मतं त्यांना."

"पण बेबीचं मत बेबीचं ना?"

"तिला थोडंच दिसणारे?" बाहेर ऊन आहे, असं सांगावं तितक्या सहज तो म्हणाला.

दादा वाईट माणूस नव्हता. प्लास्टिकच्या बादल्या, झाडू, पायपुसणी विकून त्याने घर चालवलं होतं. बहिणीच्या चपलेचा अंगठा तुटला तर दुकान सोडून तो शिवून आणायचा. 'तिला थोडंच दिसणारे' यावर वहिनी काही बोलली नाही. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच असतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच तर आपण गप्प बसतो.

रस्त्याने जाताना बेबीने एका हाताने वहिनीचं कोपर धरलं होतं, दुसऱ्या हातात पांढरी काठी. चालता चालता काठी खट्कन बादल्यांच्या थप्पीला लागली.

"आलं वाटतं आपलं दुकान," बेबी म्हणाली. "दुकानं लोकांना पाटीवरून कळतात, मला नडगीवरून."

वहिनी हसली. मग दादाचे शब्द आठवले आणि तिने बेबीला घाईने थप्पीच्या बाजूने पुढे नेलं.

मतदान शाळेच्या वर्गात होतं. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी बेबीची काठी पाहिली आणि घाईने उठून खुर्ची सरकवली. माणूस भला होता, पण घामाघूम झाला होता. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती.

"साहेब, ते ठिपक्यांचं पत्रक असतं ना, बोटांनी वाचायचं, ते मिळेल का?" बेबीने विचारलं.

"आहे, पेटीत कुठेतरी आहे. शोधावं लागेल." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "सोबत आल्यात ना या? मग कशाला?"

बेबी काही बोलणार, तोच वहिनी म्हणाली, "हो हो, मी आहे ना."

हे तिच्या तोंडून इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. नियमानुसार वहिनीने सोबतीण म्हणून सही केली आणि दोघी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.

"वहिनी," बेबी तिच्या कानाशी कुजबुजली, "दादा दर वेळी स्वतःच बटण दाबतो. मी नुसती शेजारी उभी. आज तू मला दाबू दे. माझं बोट फक्त बाईंच्या बटणावर ठेव."

तिने हात पुढे केला. टाइप करून करून टोकं चपटी झालेली तिची बोटं. वहिनीने ते बोट धरलं. बाईंचं बटण खाली होतं, अध्यक्षांचं वर. वहिनीने बोट वर नेलं.

"हेच ना?" बेबीने विचारलं.

"हेच."

बेबीने दाबलं. यंत्र वाजलं. बेबीच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की वहिनीने मान खाली घातली. ज्याला दिसत नाही त्याच्यासमोरही आपण नजर चुकवतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी येताना बेबी सारखी बोलत होती. "किती वर्षांची मतदार मी, पण मत दिलं ते आज पहिल्यांदा." संध्याकाळी तिने ठकीला मांडीवर घेतलं. ठकी म्हणजे वहिनीची लेक, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. बेबीने तिला शाई लावलेलं बोट दाखवलं. "बघ, आत्याचं बोट आज कामाला आलं."

आपण काही चोरलं नाही, कुणाला मारलं नाही, असं वहिनी मनाला समजावत होती. एका मताने कुठे कोण निवडून येतं? पण रोज सकाळी ठकीची वेणी घालताना स्वतःच्या बोटांकडे लक्ष जायचं आणि तिला ती परकी वाटायची.

आणि मग बातमी आली. त्यांच्या केंद्रावर यंत्रातल्या मतांचा आकडा आणि मतदारांचा आकडा जुळेना, म्हणून तिथे पुन्हा मतदान होणार होतं.

वहिनीला वाटलं, सुटले. झालं-गेलं पुसलं गेलं, आता कुणाला काही कळायची गरज नाही.

"माझी पाठ आता बरी आहे," दादा म्हणाला. "बेबीला मीच नेतो."

म्हणजे वहिनीच्या अंगावर काहीच यायचं नव्हतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तिला सवय होती.

फेरमतदानाच्या आदल्या दिवशी ठकी बागेत जायला निघाली आणि सँडल घालत बसली. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. वहिनीने वाकून तिच्या हातातून सँडल ओढली, तशी ठकीने भोकाड पसरलं.

"माझी मी! माझी मी!"

"घालू दे गं तिला," आतून भाजी निवडत बेबी म्हणाली. "उलटी घालेल, पण तिची ती घालेल. तुझ्या सुलट्यापेक्षा तिचं उलटं बरं."

वहिनी तशीच बसली, हातात ती एवढीशी सँडल घेऊन. पोटच्या पोरीला 'तुझं तू कर' असं शिकवायचं, तर आपल्याच पोटात काय लपवलंय? तिने सँडल ठकीपुढे ठेवली. मग उठून बेबीजवळ जाऊन बसली.

"बेबी, मी तुझं बोट बाईंच्या बटणावर ठेवलं नव्हतं."

बेबीचे हात थांबले.

"अध्यक्षांच्या बटणावर ठेवलं होतं. मुद्दाम."

बेबीने हातातली भाजी ताटात ठेवली. वहिनीला वाटलं, ओरडावं हिने, ताट भिरकावावं, काहीही करावं.

"मी दिवसभर लोकांचं खोटं ऐकते, वहिनी," शेवटी ती म्हणाली. "आवाजावरून कळतं मला. पण घरी आले की कान उतरवून ठेवते. घरात कशाला लागतात?"

दादा दुकानातून जेवायला आला होता, दारातच उभा होता. बेबीने त्याच्या पावलांच्या दिशेने तोंड वळवलं.

"दादा, आणि तू? इतकी वर्षं तूच दाबायचास."

दादाने बायकोकडे रागाने पाहिलं. मग भिंतीकडे. "कधी तू सांगितलंस त्यालाच दिलं. कधी... अगं, मी काय तुझं वाईट केलं? दुकान चाललं तर घर चालतं. तूही त्याच घरात राहतेस ना?"

"मग ते मला सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी. 'बेबी, बादल्या आत घेतल्या तर धंदा बसेल' असं म्हणायचंस. मला पटलं असतं, तर मी आपणहून अध्यक्षांना मत दिलं असतं. नसतं पटलं, तर चार दिवस अबोला धरला असतास. पण तू मला भांडणाच्या लायकीचीसुद्धा धरली नाहीस."

"ताटातलं तुला वेचून द्यायचो मी लहानपणी," दादा पुटपुटला.

"ते मी विसरले नाही. पण वेचून देणं वेगळं आणि माझ्या तोंडाने आपण जेवणं वेगळं." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "या घरात माझं मत सगळ्यांना माहीत होतं रे, एक मला सोडून."

दादा चपला न काढताच उंबऱ्यावर बसला. ताट वाढून थंड झालं, कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बेबीने काठी घेतली. वहिनी चपला घालू लागली तेव्हा म्हणाली, "वर्गाच्या दारापर्यंत ये. आत नको." कोपर तिने धरलं नाही.

तेच टेबल, तेच अधिकारी. "सोबत कोणी आहे ना?"

"आहे, ती दारात थांबेल. मला ते ठिपक्यांचं पत्रक द्या. पेटीत शोधावं लागेल, शोधा. मला घाई नाही."

अधिकाऱ्यांनी पेटी उपसली. लाखेच्या कांड्या, सुतळी, जादा पेनं, आणि सगळ्यांच्या तळाशी पत्रक, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यांनी ते उलगडून तिच्या हातात दिलं. "मॅडम, मागच्या वेळीच द्यायला हवं होतं मी," ते हळूच म्हणाले.

बेबी बसली. एकेका नावावरून तिचं बोट सावकाश सरकू लागलं. यंत्रावरही प्रत्येक बटणाशेजारी ठिपक्यांचा आकडा होता. तो पहिल्यापासूनच तिथे होता. तिच्या बोटाला तो शोधायची सवड कुणी दिली नव्हती, एवढंच.

मागे रांग चुळबुळू लागली. "अहो, तुम्ही त्यांच्या घरच्या ना?" एक गृहस्थ वहिनीला म्हणाले. "जा की आत. एक बटण दाबायला एवढा वेळ?"

"मागच्या वेळी गेले होते आत," वहिनी म्हणाली. "फार पटकन झालं होतं. म्हणूनच आज बाहेर उभी आहे."

गृहस्थांना काही उमगलं नाही, पण तिचा चेहरा बघून ते पुन्हा रांगेत मागे सरकले.

आडोशामागून यंत्र वाजलं. बेबी बाहेर आली. हसत नव्हती, पण मान ताठ होती. काठी पुढे, वहिनी दोन पावलं मागे, अशा दोघी घरी आल्या.

दारात ठकी उभीच होती. "आत्या, कुणाला मत दिलंस?"

दादा आतल्या खोलीत होता. त्याचेही कान टवकारले.

"नाही सांगणार जा," बेबी म्हणाली आणि ठकीला उचलून घेतलं. ते हसू ठकीपुरतं होतं. वहिनीच्या वाट्याला त्यातलं अजून काही आलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

वाचकहो, आपल्या घरात, शेजारात, रांगेत एखादी बेबी असतेच. कुणाला दिसत नाही, कुणाला जिना चढवत नाही, कुणाचा हात कापतो. त्यांच्यासाठी जिन्याशेजारी उतार असतात, ठिपक्यांची पत्रकं असतात. पण "मी आहे ना" म्हणत आपणच आड उभे राहतो आणि त्यालाच मदत म्हणतो. मदत म्हणजे वाट दाखवणं, दार उघडणं आणि मग दाराबाहेर थांबणं. मतदान पुन्हा घेता येतं, विश्वासाचं तसं नाही. तो रोज थोडा थोडा मिळवावा लागतो. वहिनी आणि दादा, दोघंही ते आता शिकताहेत. आपण ते कुणाचं बोट धरण्याआधीच शिकावं.