तीन ठोके

बाबांचा आवाज आता फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये उरला होता, आणि कॉम्प्युटर सुरू व्हायला तयार नव्हता. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लेकीने त्यांना माइकसमोर बसवून चौदा रेकॉर्डिंगं करून घेतली होती. त्यानंतर बाबांचं बोलणं म्हणजे पाटीवर लिहिणं. घाईच्या वेळी ते पेन्सिलीने टेबलावर ठोके देत. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे इकडे बघ.

लेक हुशार होती, पण धीर वाटताना देव तिचं घर चुकला असावा. बाबा तिला भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही. सकाळभर काळ्या पडद्यावरची तीच पांढरी ओळ वाचून तिचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिने ऑफिसचा लॅपटॉप उघडला आणि रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायला घेतला. बंद पडलेलं मशीन त्यावरून सुरू करता येतं. पेनड्राइव्ह सापडला बाबांच्याच खणात. तो रिकामा असणार हे तिने स्वतःच ठरवून टाकलं.

यावरचं सगळं पुसलं जाईल, असं लॅपटॉपने बजावलं. मागून तीन ठोके आले.

"हो बाबा, झालंच," ती मान न वळवता म्हणाली.

पुन्हा तीन ठोके, या वेळी जोरात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच म्हणत असावेत. तिने बटण दाबलं आणि मग वळली.

बाबा खुर्चीतून उठून उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, 'त्यात रेकॉर्डिंगांची दुसरी प्रत आहे. मीच ठेवली होती.'

तिने ते वाचेपर्यंत लॅपटॉपने जुनं पुसून नवं लिहायला सुरुवातही केली होती. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. पण त्यांनी फक्त पाटी पुसली.

तयार झालेला पेनड्राइव्ह तिने कॉम्प्युटरला लावला. निळा पडदा आला. दोनच पर्याय होते: फाइली ठेवून दुरुस्ती, किंवा सगळं पुसून नवी सुरुवात. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरी थांबली, बाबांकडे वळली, आणि दोन्ही ओळी तिने त्यांना वाचून दाखवल्या.

"पहिला दाबू?"

एक ठोका.

आकडा चौसष्ट टक्क्यांवर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पाच मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस गेली. दोघंही जागचे हलले नाहीत. पासष्ट झाले तेव्हा तिने ओठ इतके घट्ट दाबले होते की ते दुखायला लागले होते.

अखेर मशीन सुरू झालं. फोल्डर जागेवर होता, आत चौदाच्या चौदा फाइली. तिने पहिली उघडली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तिचीच बडबड: हलू नका, माइककडे बघा, सुरू करते हं. आणि मग तो जाड, थोडा घोगरा आवाज.

"भिंगरे, आधी माझं ऐकून घे. मग बटण दाब."

तिला रडू कोसळलं. मागे टेबलावर एकच ठोका पडला.