ओयोलांची बाजू

कॉर्दोबाच्या विद्यापीठातलं मे महिन्याचं चर्चासत्र म्हणजे देल्फिना लुके आणि एवारिस्तो ओयोला यांचं भांडण, असंच सगळे धरून चालत. राजकीय विचारांच्या इतिहासावर बाकीचेही निबंध वाचत, पण गर्दी व्हायची ती या दोघांसाठी. प्रश्न तीस वर्षं एकच. १८१० साली आपल्या लोकांनी समुद्रापलीकडच्या राजाची सत्ता झुगारली, तो विचार आला कुठून? देल्फिनाबाई म्हणत, इथल्याच जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या शिकवणुकीतून. ओयोला म्हणत, पॅरिसहून चोरून आलेल्या पुस्तकांतून. मध्ये कडवट काढ्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा हातोहात फिरे, त्यातल्या नळीने सगळे आळीपाळीने पीत. नळी ज्याच्या तोंडात, त्याने बोलायचं नाही, एवढा एकच नियम. काय ते दिवस. जेवणं गार व्हायची, आणि खिडकीत बसून ऐकणारी मुलं दोन तट पाडून घरी जायची.

यंदा ओयोला तुकुमानहून आले ते गळ्याभोवती मफलर गुंडाळून. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज गेला होता, कायमचाच. निबंध आणला होता, पण भरलेली बॅगही पायाशीच होती. त्यांनी कागदावर लिहून देल्फिनाबाईंपुढे सरकवलं, 'दुपारच्या बसने निघतो. पुन्हा येणार नाही.'

"मग मी काय भिंतीशी भांडू?"

'इतकी वर्षं तेच तर करत होतात,' ओयोलांनी खाली लिहिलं. पण हसले नाहीत.

चर्चासत्र सांभाळणारी रोसीओ बाईंच्या कानाशी आली. "बाई, सरांचा निबंध तुम्हीच वाचता का? प्रश्नोत्तरं नको ठेवायला. उगाच त्यांना त्रास."

देल्फिनाबाईंनी जीव ओतून वाचला. ओयोलांची वाक्यं शेवटाला चढत. तशीच चढवून वाचली. टाळ्या पडल्या, मऊ आणि लांबलचक. एक तरुण प्राध्यापक उठून 'सरांचं योगदान' वगैरे बोलला. ओयोला मान खाली घालून बसले होते, स्वतःच्याच शोकसभेला आल्यासारखे. त्यांचा हात बॅगेच्या पट्ट्याकडे गेला.

ते बाईंनी पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"निबंध संपला. आता माझं मत सांगते. सातव्या पानापासून पुढे सगळा भुसा आहे."

रोसीओचा चेहरा पांढरा पडला. "बाई, अहो..."

"तू बस गं. पॅरिसची पुस्तकं म्हणे खेचरांवरून आली, मिठाच्या पोत्यांत लपून. बरं, आली. वाचली कोणी? डॉक्टर ओयोला, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ती उतरली त्या गावात फ्रेंच येणारा एकटा न्हावी होता. क्रांती काय न्हाव्याने केली?"

बॅग तिथेच राहिली. ओयोला फळ्याशी गेले आणि खडू असा दाबला की मोडला. दुसरा घेतला. 'दाढीला अख्खं गाव येत होतं.'

हशा उसळला. मागच्या रांगेतली मुलं उठून पुढे येऊन बसली. बाई बोलत, ओयोला लिहीत. फळा भरला की कोटाच्या बाहीनेच पुसत.

"अक्षर नीट काढा जरा. तुकुमानात शाळा नव्हती का?"

'होती. तुमच्या पाद्र्यांची. म्हणून तर.'

दुपारची बस केव्हाच निघून गेली होती. त्या दोघांखेरीज सगळ्यांच्या ते लक्षात आलं, आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी बाईंनी ठेवणीतला मुद्दा काढला, ज्यावर ओयोलांना आजवर उत्तर सापडलं नव्हतं. "आणि बिशपनी त्या रविवारी जे प्रवचन दिलं, त्यात..."

ओयोलांनी गरम पाण्याचा थर्मास उचलला, तुंबा भरला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, त्यांच्यापुढे धरला.

आता नाही कसं म्हणणार? बाई नळी तोंडात धरून, डोळे वटारून बसल्या. लबाडाने काढ्यात साखरही घातली होती, तुकुमानच्या उसाच्या मुलखात घालतात तशी भरपूर. ओयोलांनी हात झटकले, नवा खडू घेतला आणि सावकाश, सुरेख अक्षरात लिहिलं, 'मुद्दा पहिला.'