शकुबाईचा गुत्ता

देवाजीची उभी हयात एका शिसवी फळीमागं गेली. बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीचा क्लब होता. क्लबाच्या कोपऱ्यात बाटल्यांची मांडणी, मांडणीपुढं फळी आणि फळीमागं पांढऱ्या कोटातला देवाजी. जिनमध्ये लिंबू किती पिळायचं, कोणत्या साहेबाला कडू थेंब चालतात, कोणाची मेम शेजारी असली की पेला अर्धाच भरायचा, हे सगळं त्याच्या बोटांत बसलं होतं. गोरे साहेब गेले. त्यांच्या जागी आलेले काही वर्षं त्याच पेल्यांतून पीत राहिले. मग एक मॅनेजर असा आला की त्यानं मांडणी काढून तिथं कॅरमचा बोर्ड ठेवला आणि देवाजीला कोठारात फावडी-कुदळी सांभाळायला बसवलं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक, चंदा, एटापल्लीला दिलेली. जावई वारलू जंगलखात्यात नाकेदार. "बाबा, तिथी एकटे काय करून राह्यले? इकडं या," असा तिचा निरोप लाकडाच्या ट्रकवाल्याबरोबर दर महिन्याला यायचा. एक दिवस देवाजीनं कोठाराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आपली ट्रंक घेतली आणि त्याच ट्रकात जाऊन बसला. आलापल्लीपर्यंत ट्रक, पुढं बैलगाडी. मोहफुलं गळायचे दिवस होते. सगळं रान गोडसर वासानं भरून गेलं होतं आणि बैल चालता चालता खाली वाकून फुलं टिपत होते.

लेकीच्या घरी त्याला कशाचीच वाण नव्हती. सकाळी चहा, दुपारी भात आणि अंबाडीची भाजी, अंगणात बाज. पण दिवस कलला की देवाजी उठून उगाच फेऱ्या मारायचा. दिवेलागणीला ज्या माणसासमोर इतकी वर्षं पाच-पंचवीस माणसं बसली, त्याला रिकामं अंगण खायला उठायचं.

वारलूच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "मामाजी, इथी क्लब नाई, हाटेल नाई. सागवान आन् बांबू हाय. बाटली पाह्यजे असन तं ट्रकवाल्याले सांगतो."

"मी दारू नाई शोधून राह्यलो, जावईबापू," देवाजी म्हणाला. "मी बसाची जागा शोधून राह्यलो. जिथी चार मानसं सुखानं बसतात, अशी."

वारलूला काही ते उमगलं नाही. उमगलं ते अयूबला.

अयूब चांदा शहरचा. बांगड्या, फण्या, सुई-दोरा गाडीत भरून तो बाजारा-बाजारानं फिरायचा आणि परतताना चारोळी, हिरडा घेऊन जायचा. एटापल्लीच्या बाजारात चंदा बांगड्या भरत होती तेव्हा देवाजी तिथंच उभा होता. बोलण्यात बोलणं निघालं, तसा अयूब हसला.

"भाऊ, मी थेंबाले शिवत नाई. आपल्या धर्मात नाई ते. पन या मुलखात कुठी लोक सुखानं बसतात अन् कुठी मारामारी करतात, हे माह्याइतकं कोनाले ठाव नाई. मले गाडी कुठी सोडाची हे पाहा लागते ना. चला माह्यासंग."

अशी मग देवाजीची फिरती सुरू झाली. पहिलं दुकान रस्त्यावरचंच होतं. पुढं कठडा, मागं पिंपं, आणि पेला घेतला की जागेवरच रिकामा करायचा. देवाजीनं एक घोट घेतला आणि तो गालात तसाच धरून दुकानाबाहेर आला. दारूत पाणी होतं हे तर झालंच, वर धुराचा असा वास की जळकं दूध प्यावं. अयूब गाडीवर बसून बिडी ओढत होता. "मले वाटलंच," तो म्हणाला. "इथून मानसं येकेकटी निंगतात."

दुसरी जागा रानात होती. माडिया लोकांच्या एका गावाबाहेर गोरग्याचं झाड होतं, ताडाचं भावंड म्हणावं असं, माशाच्या शेपटीसारख्या पानांचं. सकाळच्या पहिल्या उन्हात त्याच्या बुंध्याशी गावातली म्हातारी माणसं गोल करून बसलेली. झाडू नावाचा म्हातारा झाडावरून रसानं भरलेला भोपळ्याचा तुंबा उतरवत होता. अयूबनं त्याला राम राम केला आणि देवाजीकडं बोट दाखवलं. झाडूनं देवाजीला खालून वर न्याहाळलं.

"हे झाड माझ्या बापाचं," तो तुटक मराठीत म्हणाला. "इथं पैसा चालत नाई. बस."

त्यानं पहिले थेंब जमिनीवर सांडले, गेलेल्यांच्या नावानं. मग पानांचे द्रोण फिरले. गोरगा ताजा होता, किंचित फेसाळ, नारळपाण्याला जरा खोड्या काढायची सवय लागावी तसा. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पिऊन झाल्यावरही उठायची कोणाला घाई नव्हती. एकजण बांबूच्या कामट्या तासत होता, एकजण नुसता झाडाकडं बघत होता. देवाजीला तिथं फार बरं वाटलं.

परतताना तो म्हणाला, "जागा चांगली हाय. पन तिथी मी पाव्हना. माहे हात मोकळेच राह्यले."

अयूबनं बैलांना हाक दिली. "असं म्हना ना मंग. तुमाले पेवाची जागा नाई पाह्यजे, पाजाची पाह्यजे."

त्यानं गाडी बांडे नदीकडं वळवली. नदीपलीकडच्या गावात शकुबाईचा गुत्ता होता. नवरा परवानेवाला कलाल. तो गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला. गुत्ता म्हणजे चिंचेखालचं सारवलेलं अंगण. बसायला सागाचे ओंडके, आणि पलीकडं भट्टीचं छप्पर. शकुबाई पन्नाशीकडं झुकलेली, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. माणूस आत आला की आधी ती त्याच्या तोंडाकडं पाहायची आणि मग द्रोण भरायचा की नाही ते ठरवायची.

देवाजी बसला तेव्हा ती झिंगू नावाच्या एका धिप्पाड गड्याला सांगत होती, "झिंगू, तुही बायको बजारात दोन लेकरं घेऊन उनात बसली हाय. जाय, तिले घरी पोचव. मंग ये."

झिंगू गेला. कुरकुरत गेला, पण गेला. देवाजी बघतच राहिला. क्लबात कितीदा तरी हेच त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि दर वेळी त्यानं ते 'यस सर' म्हणून गिळलं होतं.

मग त्याच्या हातात द्रोण आला. त्यानं वास घेतला. धुराचा मागमूस नव्हता. मोहाच्या झाडाखाली पहाटे उभं राहिल्यावर येतो, तोच वास. घोट घशातून सरळ, सावकाश उतरला.

"बाई, कशी काढता तुमी ही?"

"घाई नाई करत," शकुबाई म्हणाली. "जाळ कमी ठेवाचा आन् भट्टीपासून उठाचं नाई. लोकाले तेच जमत नाई, भाऊ."

पुढच्या बाजाराला देवाजी पुन्हा आला. या वेळी ट्रंकेतून चांदीसारखा चकाकता शेकर काढून, फडक्यात गुंडाळून आणला होता. क्लबातली मांडणी निघाली तेव्हा एवढी एक वस्तू त्यानं मागून घेतली होती. शकुबाईची परवानगी घेऊन त्यानं मोहाच्या दारूत चिंचेचं पाणी घातलं, रानमध घातला, लिंबू पिळलं, झाकण लावलं आणि खांद्यावर नेऊन खळखळ हलवला. सगळं अंगण हातातलं सोडून पाहू लागलं. द्रोण वाटले गेले. झिंगूनं जीभ ओठांवरून फिरवली आणि पुन्हा द्रोण पुढं केला. बाकीच्यांनीही केले. देवाजीची छाती फुलली.

शकुबाईनं एक घोट घेतला आणि द्रोण खाली ठेवला.

"चांगलं हाय, भाऊ. पन हे चिंचेचं सार झालं. गोड लागलं का मानूस किती पेला ते इसरते. मंग त्याले घरी कोन नेईन? माह्या दारूत लपवासारखं काई नाई. तिले काऊन झाकाची?"

ती काही रागानं बोलली नव्हती. पण देवाजीला ते लागलं. शेकर फडक्यात गुंडाळून तो घरी आला आणि कितीतरी दिवस नदीकडं फिरकला नाही. चंदाबरोबर बसून मोहफुलांतला काडीकचरा निवडत राहिला. निवडता निवडता त्याच्या मनात तेच घोळायचं. साहेब लोकांना दारूची चव नको असायची, तिचा गुण तेवढा हवा असायचा, आणि ती चव लपवायलाच तर क्लबानं त्याला ठेवलं होतं. हे कळायला आपल्याला नदी ओलांडावी लागली, या विचारानं त्याला शेवटी हसूच आलं.

"काय झालं, बाबा?" चंदानं विचारलं.

"काई नाई वो. येका बाईनं माही परीक्षा घेतली. नापास झालो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रिकाम्या हातानं नदीपलीकडं गेला आणि भट्टीच्या छपराखाली उकिडवा बसला. शकुबाईनं जाळातलं एक लाकूड मागं ओढून त्याला दाखवलं, एवढाच जाळ ठेवायचा म्हणून. त्या दिवसापासून तो येत राहिला. फुलं भिजवायला, मडक्याला ओली माती थापायला, धार बघायला. बाजाराच्या दिवशी तो द्रोण भरून द्यायचा. कोणाला द्यायचा आणि कोणाला परत पाठवायचं, ते शकुबाई त्याला नजरेनं सांगायची. पुढं पुढं सांगावंही लागेना.

अशाच एका बाजाराला अयूब नेहमीपेक्षा लवकर आला. डोक्यावर नवी टोपी होती. "नूरीचं लगन ठरलं," तो म्हणाला. "वणीचं ठिकान हाय. पोरगा शिलाईकाम करते."

सगळं अंगण आनंदलं. नूरी त्याची थोरली. झिंगूनं द्रोण उंच केला, बाकीच्यांनी केले, आणि अयूबनं आपला पाण्याचा गडवा. गेली कित्येक वर्षं तो या अंगणात असाच पाणी पीत बसायचा, आणि ते कोणाला कधी खटकलंही नव्हतं. त्या दिवशी देवाजीला खटकलं. एवढी आनंदाची गोष्ट सांगायला माणूस उन्हातून आला आणि त्याच्या हातात नुसतं पाणी.

"जरासे थांबा, अयूबभाऊ," तो म्हणाला आणि आत गेला.

शकुबाई त्याच्या मागोमाग आली. त्याला काय करायचंय ते तिनं न विचारताच ओळखलं. मडक्यांच्या उतरंडीतून तिनं एक कोरं मडकं काढलं. हात राखेनं घासून कोपरापर्यंत धुतले. "तुमी बी धुवा," ती म्हणाली. देवाजीनं धुतले. शेकर देवाजीनं मध्यंतरी घरून आणून छपराला टांगला होता, पण त्याच्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. त्यात दारू गेली होती.

भट्टीच्या निखाऱ्यात देवाजीनं कैऱ्या भाजल्या. त्यांचा गर, गूळ, वाळल्या अंबाडीच्या बोंडांचं लाल पाणी, चिमूटभर मीठ. शकुबाईनं चारोळी भाजून वाटून दिली. बर्फाचा प्रश्न होता. देवाजीला बर्फाशिवाय काही सुचेना. शकुबाईनं मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि नदीच्या ओल्या वाळूत ते गळ्यापर्यंत पुरून आली. मग दोघं काठावर करंजाच्या सावलीत मडकं राखत बसले. तिकडं अंगणात लोक लग्नाच्या गोष्टी करत होते, त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता.

"कोनासाठी येवढं केलं नव्हतं मी कधी," देवाजी म्हणाला. "क्लबात जे मागतीन ते देत होतो."

"त्यानं मागतलं नाई," शकुबाई म्हणाली. "म्हनून जमलं असन."

मडकं अंगणात आलं. अयूबनं द्रोण हातात घेतला, वास घेतला आणि शकुबाईकडं पाहिलं.

"कोरं मडकं हाय, भाऊ," ती म्हणाली. "हात बी धुतले."

अयूब प्यायला. सावकाश, मध्ये न थांबता प्यायला. रिकामा द्रोण त्यानं मडक्याजवळ ठेवला. मग म्हणाला, "नूरीच्या लगनात येवढं मडकं पुरनार नाई. तुमाले दोघाले यावं लागन. करून द्यावं लागन."

झिंगूनं आपला भरलेला द्रोण बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मले बी त्यातलंच दे ना जी." लोक पोट धरून हसले. पण त्याला दिलं.

पुढच्या बाजारापासून अंगणाचा रंग पालटला. बाजार करून आलेल्या बाया, ज्या आधी कुंपणाबाहेर नवऱ्यांची वाट बघत उन्हात बसायच्या, त्या आता चिंचेखाली येऊन बसू लागल्या. लेकरं कैरीच्या पाण्यासाठी द्रोण चाटून पुसून परत आणू लागली. झाडू म्हातारासुद्धा एकदा गोरग्याचा तुंबा खांद्यावर टाकून आला. तुंबा शकुबाईपुढं ठेवला आणि आपणच पाहुणा होऊन बसला.

त्याच दिवसांत कधीतरी शकुबाईनं देवाजीला 'भाऊ' म्हणणं सोडलं. 'ओ बल्लारपूरवाले' म्हणून हाक मारू लागली. देवाजीच्या ते लक्षात आलं, पण तो बोलला नाही. बोलली चंदा. एका बाजाराला ती नवऱ्याबरोबर नदी ओलांडून आली होती. बाप पाणी भरताना, ती बाई जाळ सारताना, दोघं मध्येच कशावरून तरी हुज्जत घालताना तिनं दिवसभर पाहिलं. परतताना गाडीत ती वारलूला म्हणाली, "बाबाले मी आनलं आपल्याकडं, आन् ते राह्यले हिच्याकडं. मंग दोघायचा पाट लावून देऊ ना. लोक बोलतीन त्याच्याआधी आपनच बोलू."

वारलू म्हणाला, "मामाजी आयकतीन?"

"ते कवाचे आयकून राह्यले."

नूरीचं लग्न वणीला थाटात झालं. देवाजी आणि शकुबाई तिथं दोन दिवस कैऱ्या भाजत होते, आणि साबिरानं, अयूबच्या बायकोनं, शकुबाईला हिरवी बांगडी भरून पाठवलं. परत आल्यावर गावच्या चार माणसांसमोर पाट लागला. वाजंत्री नव्हती. झिंगूनं ढोल वाजवला आणि झाडूनं गोरगा दिला.

पुढचा बाजार आटोपला तेव्हा ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. माणसं पांगली होती. शकुबाई ओंडक्यावर पाय लांब करून बसली. देवाजीनं दोन द्रोण भरले, एक तिच्या हातात दिला आणि शेजारी टेकला.

"उद्या लाकडं आनाची हायत," ती म्हणाली.

"आनतो ना."

"ओली नोका आनू. मागच्या येळी ओली आनली होती."

"वाळलीच आनतो," देवाजी म्हणाला आणि दोघं सावकाश पीत बसले.