जनाबाईचा कान

सुभद्रा उमरेडहून लग्न होऊन नागपुरात आली, त्याच आठवड्यात तिला सासूच्या कानाची गोष्ट कळली. जनाबाईंच्या उजव्या कानाची पाळी खालपर्यंत चिरलेली होती आणि तिचे दोन तुकडे वेगवेगळे लोंबायचे. केशव तान्हा असताना मांडीवर खेळता खेळता त्यानं मायच्या कानातला झुबा ओढला न् पाळी फाटली, असं सगळी पाचपावली वस्ती सांगायची. केशव आता गिरणीत कामाला जाणारा उंचापुरा माणूस झाला होता, तरी लग्नाच्या मांडवातसुद्धा बायकांनी त्याला त्यावरून चिडवून घेतलं होतं. तो हसून सोडून द्यायचा. पण शेजारचं लेकरू कडेवर घेतलं की त्याचे दोन्ही हात तो आपल्या मुठीत धरून ठेवायचा, हे सुभद्राच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

नागपूर मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी केशवची आजी पंचफुलाबाई वारली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. तिचं न्हाणंधुणं, भरवणं, पाठीला तेल लावणं, सगळं जनाबाईंनीच केलं. सुभद्रानं एकदा मदतीला हात पुढे केला तर जनाबाई म्हणाल्या होत्या, तिले माह्याच हाताची सवय हाय, राहू दे.

आजीचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढे सुभद्राला दिवस राहिले. एका दुपारी शेजारच्या यमुताई दोघीतिघींना घेऊन आल्या. सुभद्राच्या पोटाकडे पाहून म्हणाल्या की आता सूनबाईनंही कान सांभाळावे, बापाचा गुण लेकरात उतरतोच. बायका हसल्या. केशव दारातून आत येत होता, तो आल्या पावली परत फिरला. जनाबाई चरख्यावर घरच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माग दिवसभर अडणार नाही एवढ्या कांड्या भरून टोपल्यात ठेवल्या आणि नवऱ्याला, नत्थूजींना, सांगितलं की कान शिवून घ्यायला दवाखान्यात जाते. नत्थूजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. या वयात कान शिवून कोणाला दाखवायचा आहे, असं ते म्हणाले.  जनाबाईंनी सुभद्राला तेवढं सोबत यायला सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी पाळी बोटांत धरून पाहिली आणि समजावलं की दोन्ही कडांवर जुनी कातडी आलेली आहे. ती कापून काढल्याशिवाय टाके घातले तरी पाळी जुळायची नाही. सुई देऊन जागा बधिर करते, पण सुई दुखेल.

“कापा,” जनाबाई म्हणाल्या.

सुभद्राला रक्त पाहवत नसे. तिला बाहेर बसायला सांगितलं तरी ती सासूचा हात धरून तिथेच उभी राहिली. सुई टोचली तेव्हा जनाबाईंच्या पायाची बोटं आखडली, तेवढंच. पुढे कात्रीचा बारीक आवाज येत राहिला आणि सुभद्रा समोरच्या हिरव्या पडद्याकडे टक लावून बघत राहिली. बोलण्यात गुंतवावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, की कान फाटला कसा.

“सासूनं झुबा ओढला,” जनाबाई म्हणाल्या.

सुभद्राला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं सासूकडे पाहिलं. जनाबाई छताकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, औषधाची पट्टी लावली. कान ओला करायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, पट्टी सुटू द्यायची नाही, असं बजावलं आणि पेनिसिलिनची सुई दिली.

परत येताना दोघी रिक्षात बसल्या. कोणाला सांगू नको, असं जनाबाईंनी म्हटलं नाही.  सुभद्राच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. ज्या बाईनं कान फाडला, तिलाच सासूबाई एवढी वर्षं हातानं घास भरवत होत्या. आणि आपण सून म्हणून आल्यापासून त्यांनी आपल्याला साधा आवाज चढवून हाक मारली नव्हती. उमरेडच्या किती मुली सासूचा काच सोसून बसल्या आहेत ते सुभद्राला ठाऊक होतं. सोसलेलं सगळं बायका पुढच्या सुनेवर काढतात, असंच ती लहानपणापासून पाहत आली होती.

घरी आल्यावर सुईचा बधिरपणा उतरला आणि कान ठणकू लागला. सुभद्रानं सासूला चुलीजवळ येऊ दिलं नाही. वांगं आणि आंबट वर्ज्य करून मुगाचं वरण, भात, ज्वारीची मऊ भाकर असं ती करून वाढू लागली. चावताना कान ओढला जायचा म्हणून भाकर दुधात कुस्करून द्यायची. जनाबाई डाव्या कुशीवर निजून मागाचा आवाज ऐकत राहायच्या आणि मधेच, धागा तुटला वाटते, असं म्हणायच्या. धागा खरंच तुटलेला असायचा.

दोनतीन दिवसांत कान सुजून लाल झाला आणि अंगात ताप भरला. नत्थूजी घाबरले, पण घाबरल्यावर माणूस जसा चिडतो तसे चिडून म्हणाले, कोणी सांगितलं होतं हे करायले. जनाबाई उठल्या, लुगडं नीट केलं आणि सुभद्राला घेऊन तापातच दवाखान्यात गेल्या. एक टाका सोडून पू काढावा लागला. यावेळी बधिर केलेलं नव्हतं. सुभद्रा रडली. जनाबाईंनी तिच्याच पाठीवरून हात फिरवला.

ताप उतरला तो रविवारी. गिरणीला सुट्टी होती, केशव घरीच सुपारी कातरत बसला होता. यमुताई बघायला आल्या, चहा घेतला, कान निरखला आणि हसत म्हणाल्या, “चला, लेकानं फाडला तो डाक्टरनं शिवला. लेकाचं पाप फिटलं.”

केशव नेहमीसारखा हसला. जनाबाई उठून बसल्या.

“केशवनं नाही फाडला, यमुताई,” त्या म्हणाल्या. “माह्या सासूनं ओढला. माह्या नणदेच्या, अनुसयेच्या लग्नात तिले घालाले झुबे मागत होती. माह्या बापानं केलेले, मी नाही म्हणलं. तिनं रागात हात घातला. हे पोट्टं तवा माह्या मांडीवर झोपलं होतं.”

आत माग थांबला. यमुताईंच्या हातातली बशी तशीच राहिली. सुपारीचा अडकित्ता केशवच्या मुठीत अर्धा मिटलेला होता.

“रक्त पाहून तीच जास्त घाबरली,” जनाबाई सांगत राहिल्या. “बाया धावत आल्या तं म्हणाली, पोरानं ओढला. मी मान हलवली. तान्ह्या लेकराले कोण काय म्हणते, असं वाटलं मले. पण लोकं म्हणतच राहिले. ती जिती होती तवर तिले तोंडावर पाडावं वाटलं नाही. आता माह्या नातवावर येऊन राहिलं हे, म्हणून सांगतो.”

नत्थूजी मागावरून उठून दारात आले. “खरं हाय ते,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

यमुताईंनी विचारलं, मग त्या झुब्यांचं काय झालं. जनाबाईंना हसू आलं, पण कान दुखला म्हणून त्यांनी ते आवरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन्ही झुबे आपल्या हातानं अनुसयेला घालून दिले होते. एका कानाले ठेवून काय करू, असं त्या म्हणाल्या.

केशव उठून बाहेर गेला. सुभद्राला वाटलं तो रागावला. तो संध्याकाळी आला तो संत्र्यांची पिशवी घेऊन. मायजवळ बसून तो एकेक फोड सोलून, बिया काढून तिच्या हातावर ठेवू लागला. 

टाके काढायला केशवनंच आईला नेलं. पाळी जुळली होती, फक्त टाका सोडला होता तिथे बारीकशी खाच राहिली होती. काही महिन्यांनी बाजूला पुन्हा कान टोचता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जनाबाई म्हणाल्या, पाहू.

त्या रात्री जेवताना केशवनं पहिल्यांदाच आजीविषयी विचारलं.

“माय, आजी तुले मारे काय वं?”

“त्या दिवसानंतर कधीच नाही,” जनाबाई म्हणाल्या. “तिच्या अंगात राग होता, पण हात मोठा बरकतीचा. सुताले पेजेची खळ कशी द्यायची ते तिनंच शिकवलं मले. पेज किती घट्ट लागते ते बोटानं पाहे.” आणि जेवण आटोपेपर्यंत त्या पंचफुलाबाईच्या खळीविषयी, तिच्या हातच्या सुताविषयी मन लावून सांगत राहिल्या. सुभद्रा वाढायचं विसरून ऐकत होती.