टिपूच्या महालात हयवदनराव

हयवदनरावांच्या चामराजपेटेतल्या घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. मुलगी स्मृती वास्तुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि अभ्यासासाठी तिनं टिपूचा महाल निवडला होता.

"एवढ्या मोठ्या बंगळुरात तुला दुसरी इमारत मिळाली नाही?" बँकेतून आल्या आल्या हयवदनरावांनी पुन्हा तोच विषय काढला. "विषय बदल. नाहीतर कॉलेज बंद!"

चौऱ्याण्णव साल सरत आलं होतं. दूरदर्शननं उर्दू बातम्या सुरू केल्या, त्यावरून नुकतीच शहरात दंगल पेटली होती. रस्त्यांवरची संचारबंदी केव्हाच उठली, हयवदनरावांच्या मनातली मात्र उठली नव्हती.

त्यांची थोरली बहीण अनुसूयाअक्का शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "न पाहताच नावं ठेवतोस? रविवारी आमच्याबरोबर चल. मग काय ते बोल."

"सरी, ठीक आहे, येतो. पण नावं ठेवायलाच येतो!"

रविवारी तिघं महालात गेले. स्मृतीचा चेहरा उजळला. "अण्णा, हे खांब पाहा. अख्खे सागवानी! खाली दगडी बैठक दिलीय, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. वरच्या सज्जात दरबार भरायचा, लोक समोर खाली उभे राहायचे."

"हा वर, लोक खाली. यातच सगळं आलं!"

"आणि भिंतींवरची ही फुलं. रंग उडालेत, पण..."

"उडाले तेच बरं झालं." हयवदनरावांचा आवाज चढला. "परक्यांच्या खुणा कशाला जपायच्या? पाडून मोकळं करायला हवं होतं. आणि त्या लोकांनीही उपऱ्यासारखं दबूनच राहावं!"

पलीकडे उभा असलेला एक जाडजूड गृहस्थ वळला. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "हिंदीसारखी अर्धीमुर्धी कळतेय. कुठल्या भाषेत ओरडताय?"

"मराठी."

"तरीच! शृंगेरीचा मठ लुटणारे तुम्हीच ना? आता इथं येऊन पाडापाडीच्या गोष्टी? उपरे तर तुम्ही! जा आपल्या मुलखात!"

हयवदनराव पुढे सरसावले. "हे माझं गाव आहे! शहाजीराजांबरोबर आलंय आमचं घराणं!"

"म्हणजे बाहेरूनच आलात ना?"

चार लोक जमले. कोणीतरी हसलं. स्मृतीनं वडिलांचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अक्का," हयवदनराव धापा टाकत म्हणाले, "शृंगेरीचं तो खोटं सांगतोय ना?"

"नाही रे. खरं आहे ते. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूनं टिपूवर चालून आली, तेव्हा तिच्यातल्या लुटारूंनी मठ लुटला. स्वामींनी मदत मागितली ती टिपूकडे, आणि त्यानं ती पाठवली."

"पण मी होतो का तिथं? माझा काय संबंध त्याच्याशी?"

"काहीच नाही. मग टिपूनं जे केलं, त्याच्याशी शिवाजीनगरच्या तुझ्या मुसलमान शिंप्याचा काय संबंध? दंगलीपासून तू त्याच्या दुकानाची पायरी चढला नाहीस!"

अक्कांचा स्वरही आता तापला होता.

"टिपू देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. कोडगूत, मलबारात त्यानं लोकांचा छळ केला, तेही मी वर्गात शिकवलंय. शृंगेरीही शिकवली. अर्धंच शिकवलं असतं, तर पोरं तुझ्यासारखी झाली असती!"

केवढा घाव होता तो! शेजारच्या कोटे वेंकटरमणाच्या, म्हणजे किल्ल्यातल्या व्यंकटेशाच्या, देवळातली घंटा ऐकू आली. हयवदनरावांनी तिकडे पाहिलं. महालाच्याही आधीचं ते देऊळ टिपूनं पाडलं नव्हतं; महालाच्या भिंतीला भिंत लावून ते उभं होतं. लहानपणापासून ते तिथं दर शनिवारी येत होते. शेजारच्या या महालात मात्र एकदाही शिरले नव्हते.

ते वळले आणि थेट त्या गृहस्थासमोर जाऊन उभे राहिले. आता मारामारी होणार, या भीतीनं स्मृती मागोमाग धावली.

"शृंगेरीचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे," हयवदनराव म्हणाले. "ते वाईटच झालं. आणि मी मघाशी बोललो, तेही वाईट होतं."

गृहस्थानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आता गोड बोलून काय उपयोग?" असं म्हणून तो थुंकल्यासारखं तोंड करून निघून गेला.

तोंडाशी आलेला शब्द हयवदनरावांनी मोठ्या कष्टानं गिळला. मग ते मुलीकडे वळले.

"तुझा विषय बदलू नकोस. मला तो सज्जा नीट समजावून सांग. स्वल्प सावकाश सांग, मला यातलं काही कळत नाही."

वाचकहो, त्या गृहस्थाचं मन काही पालटलं नाही. द्वेष असा एका माफीनं विरत नसतो. पण पूर्वजांचा हिशेब शेजाऱ्याकडून वसूल करायला निघालेल्या प्रत्येकानं एवढं ध्यानात ठेवावं, की तोच हिशेब घेऊन उद्या कोणीतरी आपल्याही दाराशी उभा राहील. इतिहास शिकायचा तर पुरता शिकावा. अर्धा इतिहास हातात दगड देतो!