चारशे बारा

"भिंतीला गेरू लावाल तर हात मोडीन, मास्तर!" दगडाबाई ओट्यावर आडवी उभी राहिली.

कृपादान मास्तरांनी ब्रश डब्यात ठेवला. १९४१ च्या खानेसुमारीचं काम सरकारनं शाळामास्तरांच्या गळ्यात घातलं होतं, आणि कर्जतकडच्या या वाडीत सकाळपासून त्यांचा पिट्टा पडला होता. आधी घरावर नंबर घालायचा, मग माणसं लिहायची, एवढंच काम. पण नंबर म्हटलं की प्रत्येकाला वेगळंच ऐकू येई. सहादेवला वाटलं, थोरल्याला पलटणीत ओढणार. झुंबरबाईला वाटलं, जमिनीचा नंबर मोजायला आले, बांध सरकवणार. गोरक्षनाथाच्या लेकीनं तेवढं हरखून विचारलं, "आमचा पयला नंबर आला का?"

"मावशी, हा नुसता घराचा नंबर. कुणाला नेत नाहीत."

"तवाबी आसंच म्हनले हुते." म्हातारी मटकन खाली बसली. "चाळीस वर्सं झाली. छपनच्या दुष्काळात मी खडी फोडीत हुते. मिशनची गाडी आली. पोरगं तीन वर्साचं, नुसती हाडं. म्हनले, आमी जगवतो, पाऊस पडला की न्या. त्याच्या गळ्यात पत्र्याचा नंबर बांधला, त्योच मला कागदावर दिला. म्या कागद छपरात खोवला. पाऊस पडला, छप्पर गळलं. नगरला मिशनात गेले तर म्हनत्यात, नंबर सांग. तितं शेकड्यानं पोरं, समदी भादरलेली, येकसारखी. तीन दिस फाटकाशी बसले, नाव घेऊन हाका मारल्या. येकबी वळलं न्हाई."

शाळेत मास्तर मुलांना नावानंच पुकारत. कुठं नंबर पुकारलेला ऐकला की अजून त्यांची जीभ आपोआप 'हजर' म्हणायला उठे. कृपादान हे नाव सहाव्या वर्षी, मिशनच्या अनाथालयात बाप्तिस्म्याला मिळालेलं. त्याआधीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. गावही नाही, आईही नाही.

"मलाही होता पत्र्याचा नंबर," ते म्हणाले. "चारशे बारा."

दगडाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळ, कान, हनुवटी. बराच वेळ.

"मला इसाच्या पुडं मोजाया येत न्हाई," ती म्हणाली. "त्यो नंबरबी मोटाच हुता."

त्या पोराचं नाव काय होतं, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण धीर होईना. तिनं ते नाव उच्चारलं आणि आपल्या आत काहीच हललं नाही तर?

वाडीत ख्रिस्ती मास्तरांना पाणी वरून ओंजळीत मिळे. दगडाबाईनं आतून तांब्या आणला आणि सरळ हातात दिला.

"घाला नंबर," ती म्हणाली.

नंबर घालून झाल्यावर मास्तर ओट्यावर बसून कागद भरू लागले.

"मुलं किती झाली, मावशी?"

"येक."

"हयात किती?"

"त्ये मला काय ठावं? तुमी शिकलेले. तुमीच लिवा."

ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला हयात धरायचं नाही, असं तालुक्याला बजावून सांगितलं होतं. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला.

"काय लिवलं?"

"एक."

म्हातारीनं पदर सारखा केला. "मंग कवा गाठ पडली तर त्याला सांगा. आई न्यायला आल्ती म्हनावं."

"कळलं त्याला," मास्तर म्हणाले. पुढचा प्रश्न त्यांना काही केल्या वाचता येईना.