चरबीचा सिद्धांत

निष्कर्ष

चरबी कॅल्शियमची उणीव भरून काढते.

हे वाक्य सरांनी आठ वर्षांपूर्वी लिहिलं. प्रयोग नंतर सुरू झाले. या प्रयोगशाळेची रीतच ती: आधी निष्कर्ष, मग तो खरा ठरवायला एक विद्यार्थी. सध्याची विद्यार्थिनी इतकी जुनी झाली होती की तिला सगळे थोरली म्हणत. तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती.

विषय

यीस्टची पेशी उपाशी ठेवली की ती स्वतःचंच मोडकंतोडकं सामान आतल्या एका पिशवीत नेऊन पचवते. त्या सामानाला हिरवी खूण लावली की पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली चमकते. कॅल्शियम काढून घेतलं तर साध्या यीस्टची पिशवी काळी राहते. पण ज्याच्या अंगात चरबीचे थेंब जास्त, ते यीस्ट तरीही चमकतं. हा सिद्धांत. एवढ्यावर सरांनी तीन परिषदा, एक मोठी खुर्ची आणि मान वाकडी करून हसायची एक पद्धत कमावली होती.

थोरलीला यीस्टबद्दल आदर होता. आतला कचरा स्वतः उपसायची अक्कल त्या इमारतीत आणखी कोणाला नव्हती.

साहित्य

चरबीवाल्या यीस्टचे फोटो थोरलीचे. साध्या यीस्टचे मात्र तिच्या आधीच्या माणसाने काढलेले, तो नोकरीला लाथ मारून गेला त्याच्या आदल्या महिन्यातले.

"पुन्हा कशाला काढायचे?" सर म्हणत. "साध्याला काय शिंगं फुटणारेत?"

तिनेही काढले नाहीत. काम वाचत होतं.

आता बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं होतं, दोन्ही एकाच फोटोत दाखवा. तिने तोंड वाकडं करून दोन्ही यीस्ट शेजारीशेजारी, बिनकॅल्शियमच्या पाण्यात उपाशी ठेवली.

दोन्ही चमकली.

पद्धत

बाटल्या धुणाऱ्या मावशी ट्रॉली ढकलत आल्या.

"मावशी, बाटल्या शेवटी कशाने विसळता?"

"नळाने. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद नाही का?"

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. तुमच्या आधीचे दादा सोडून गेले ना, त्याच आठवड्यात बंद पडलं. सरांना सांगितलं होतं मी. म्हणाले, काचेला काय कळतंय!"

थोरलीने बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा थर. जड पाण्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. सात वर्षं ती यीस्टला बिनकॅल्शियमच्या नावाखाली कॅल्शियमच पाजत होती.

"हा थर तुम्हाला दिसायचा?"

"रोज. ताई, तुम्ही शिकलेली माणसं. मला वाटलं, तुमचंच काहीतरी औषध असेल."

नव्या प्लास्टिकच्या नळ्यांत तिने सगळं पुन्हा केलं. दोन्ही काळी.

चर्चा

"प्लास्टिकमुळे असेल," सर म्हणाले. मान वर केली नाही.

"आणि काचेत दोन्ही हिरवी आहेत."

"मग ती दाखवू नकोस. हे बघ बेटा, इतकी वर्षं घालवलीस, आणखी दोन दिवस गप्प बसायला काय जातंय?"

बेटा! सात वर्षांत तिचं नाव नीट उच्चारायला न जमलेला हा माणूस.

निरीक्षण

परीक्षेत तिने चारही फोटो दाखवले. पांढऱ्या थराचं सांगितलं. चरबी काहीही भरून काढत नाही, हेही सांगितलं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं; त्यांना परतीची गाडी गाठायची होती. "रंग छान आलेत."

सरांनी मान वाकडी केली. "आमची मुलगी जरा जास्तच प्रामाणिक आहे. प्रबंधाच्या शेवटी मर्यादा म्हणून एक ओळ घालू."

"ओळ पुरे. बाकी काम भक्कम आहे."

भक्कम! तिच्या तोंडातून हसू फुटलं, ते तिने खोकल्यात दडपलं. सर आणि परीक्षक आपली चूक पकडतील, अशी तिला चक्क भीती वाटली होती. त्यांना ती पकडायलाही नको होती. आणि या दोघांच्या सहीसाठी आपण सात वर्षं मान खाली घातली, हे आठवून तिला त्यांच्यापेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी आली.

कागद तिच्यापुढे सरकला. दोन सह्या झालेल्या. तिसरी जागा तिची. खाली छापलेलं होतं: वरील निष्कर्ष माझ्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहेत.

तिने पेनाला टोपण लावलं.

"डोकं फिरलंय का?" सर कुजबुजले. "लोक माझ्याबद्दल काय म्हणतील?"

ती परीक्षकांकडे वळली. "माझ्या सहीशिवाय हा कागद चालतो?"

"नाही. पण त्यात काय एवढं?"

"मग तुम्ही गाडी पकडा. आज सही होणार नाही."